छाप्याच्या दुसऱ्या दिवशी कोण येणार? सोलापूरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा यांस,



आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात. समितीच्या पुढच्या बैठकीत एक विषय घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. विषय गावातल्या गुन्ह्यांचा आहे. हा पोलिसांचा प्रश्न, तो नियोजन समितीत कशाला, असं कोणी विचारील. म्हणून जरा सविस्तर लिहितो. समितीच्या निधीतून पोलिसांना गाड्या मिळतात, चौकाचौकांत सीसीटीव्ही बसतात. ते मिळायलाच हवं. पण गावातला गुन्हा ज्या जागी पुन्हा उगवतो, त्या जागेसाठी आपल्या आराखड्यात आजवर तरतूदच नाही. ती जागा म्हणजे हातभट्टीवर छापा पडून गेल्यानंतरचे चार-सहा महिने.

माझी सगळी नोकरी विमुक्त जातींच्या मुलांसाठीच्या आश्रमशाळेत झाली. तांड्यावरची, पालावरची, माळावरच्या वस्त्यांची मुलं शिकवली. त्यामुळे पोलीस ठाण्याच्या दप्तरात ज्यांची नावं आरोपी म्हणून येतात, त्यांतले कितीतरी जण मला माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप म्हणून माहीत आहेत. जे लिहितो आहे ते त्या ओळखीतून.

हातभट्टीचा व्यवहार कसा चालतो ते आधी सांगतो, कारण बैठकीच्या टिपणीत ते कधी येत नाही. काळा गूळ, नवसागर, तुरटी आणि पाणी, एवढाच कच्चा माल. ओढ्याच्या काठाला, वेड्या बाभळीच्या आडोशाला प्लास्टिकचे बॅरल अर्धे जमिनीत पुरलेले असतात. त्यात गूळ भिजत घालतात, काही दिवसांनी तो आंबून फसफसायला लागतो. पंचनाम्यात त्याला ‘गूळमिश्रित रसायन’ म्हणतात. मग ते लोखंडी पिंपात उकळायचं, वाफ नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची. रात्र जागून काढावी लागते, धुराने डोळे लाल होतात, बाईमाणूस असलं तरी सुटका नाही. तयार माल रबरी ट्यूबमध्ये भरून पहाटे दुचाकीवरून शहराकडे जातो.

छापा पडतो तेव्हा पोलीस बॅरल आडवे करतात, पिंपं फोडतात, रसायन जागीच ओतून देतात. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६५ खाली गुन्हा दाखल होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात इतके हजार लिटर रसायन नष्ट केल्याची बातमी येते. पोलिसांनी आपलं काम केलेलं असतं, त्यात खोट काढायची नाही. आता भट्टी चालवणाऱ्या घराचा हिशोब बघा. गूळ उधारीवर आणलेला होता. गूळ ओतला गेला, उधारी मात्र डोक्यावर राहिली. जामिनाला पैसे हवेत, वकिलाला हवेत, तारखेला जायला एसटीचं भाडं हवं. हे पैसे लगेच काढून देणारा माणूस बहुतेक एकच असतो, गूळ पुरवणारा. आणि तो ते पुढच्या बॅरलवर देतो. छाप्यामुळे भट्टी काही दिवस थंड पडते आणि ते कुटुंब त्याच भट्टीला अधिक घट्ट बांधलं जातं.

आश्रमशाळेच्या प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना असायचा. जवळजवळ सगळ्या अर्जांवर एकच शब्द, मजुरी. कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीला जाणारेही तेच लिहायचे आणि भट्टीवाले म्हणून गावाने नाव ठेवलेले लोकही तेच. पुढे घरोघर गेलो तेव्हा कळलं की दोघंही खरं लिहीत होते. भट्टीवर रात्र जागणाऱ्या बहुतेकांचा बॅरलही स्वतःचा नव्हता. भांडवल दुसऱ्याचं, गिऱ्हाईक दुसऱ्याने बांधलेलं, यांच्या वाट्याला रात्रीची मजुरी आणि पकडले गेले तर नाव. एमपीडीए म्हणतात त्या १९८१ च्या कायद्याच्या लांबलचक नावातच ‘हातभट्टीवाले’ हा शब्द आहे. त्याखाली एखाद्याला वर्षभर स्थानबद्ध ठेवता येतं. बड्या पुरवठादारावर तो लागला तर मी स्वागतच करीन. मजुरी करणाऱ्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

यातून वाट निघते हे आपल्याच जिल्ह्याने दाखवून दिलं आहे. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी, तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने, ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतलं. हातभट्टीसाठी कुप्रसिद्ध झालेली गावं आणि तांडे निवडले, एकेक ठिकाण एकेका अधिकाऱ्याने दत्तक घेतलं. छापे चालूच ठेवले, त्यात सवलत नव्हती. पण छापा टाकणारं खातंच पुन्हा त्याच तांड्यात जाऊन बसायला लागलं. कोणाला काय येतं, कोणाचा मुलगा किती शिकलाय, कोणाला काय जमेल याची विचारपूस सुरू झाली. शहराला खेटून असलेला मुळेगाव तांडा हे त्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण. दुकान, जनावरं, शिवणकाम, कारखान्यातली नोकरी असे पर्याय लोकांसमोर आले. सोलापुरात गणवेश शिवणारे उद्योग आहेत, त्यांना शिवणारे हात लागतात. तांड्यात हात होते आणि दोघांमध्ये अंतर काही किलोमीटरचंच होतं. ते अंतर पार करून द्यायला कोणीतरी मध्ये उभं राहावं लागलं, आणि ते पोलीस उभे राहिले. मला या जिल्ह्याचा नागरिक म्हणून त्याचा अभिमान वाटतो.

माझ्या मते हा प्रयोग दोन कारणांनी चालला. एक तर तांड्यात जाणारा माणूस तोच तोच राहिला. आमच्या लोकांना सरकारी माणूस एकदाच भेटतो, फॉर्म भरून घेतो आणि परत दिसत नाही. इथे तो दर आठवड्याला दिसायला लागला. दुसरं असं की धाक आणि आधार एकाच दारातून आले. नुसता आधार असता तर भट्टी आणि शेळ्या दोन्ही चालल्या असत्या. नुसता धाक किती वर्षं चालला ते वर लिहिलंच आहे.

पण या प्रयोगाचा सगळा भार चुकीच्या खांद्यावर आहे, हे मला आपल्याला आवर्जून सांगायचं आहे. जातीचा दाखला काढून देणं, बँकेत कर्जाचं प्रकरण रेटणं, शिवणयंत्रं मिळवणं, रेशनकार्डात नाव घालणं ही पोलीस निरीक्षकाची कामं नाहीत. त्याच्याकडे त्यासाठी पैसा नाही, माणूस नाही, अधिकार नाही. तो फोन करतो, ओळखी वापरतो, शब्द टाकतो. त्याची बदली झाली की फोनही बदलतो. ज्यांच्याकडे पैसा, माणूस आणि अधिकार तिन्ही आहेत ती खाती जिल्हा परिषदेत, समाजकल्याणात, महामंडळांत आणि तहसीलमध्ये बसतात. या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवण्याचा अधिकार जिल्ह्यात आपल्याइतका कोणाला नाही.

एका दाखल्याचंच घ्या. विमुक्त जातीचा दाखला हवा तर कुटुंबाचं वास्तव्य आणि जात २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीच्या कागदावर दाखवावी लागते. ज्याचे आजोबा त्या साली कुठल्या माळावर पाल टाकून होते हे आजोबांनाही सांगता आलं नसतं, त्याने कागद कुठून आणायचा? गृहचौकशीची तरतूद आहे, पण ती करायला कोणी पालावर जात नाही. दाखला नाही म्हणून वसंतराव नाईक विमुक्त जाती व भटक्या जमाती विकास महामंडळाचं कर्ज नाही. कर्ज मिळण्याजोगा असला तरी जामीनदार नाही. तांड्यातल्या घराचा उतारा नाही म्हणून तारण नाही. आणि नावावर एखादा गुन्हा असला तर बँकेचा साहेब फाईल उघडतही नाही. गूळवाला मात्र कुठलाच कागद मागत नाही. भट्टीची सगळ्यांत मोठी ताकद तीच आहे.

आता एक आक्षेप, जो आपल्याला बैठकीत हमखास ऐकू येईल. एका शेतकऱ्याने मला तोंडावर विचारला होता. म्हणाला, “गुरुजी, आम्ही आयुष्यभर सरळ वागलो, आम्हाला कोणी शेळी दिली नाही. दारू गाळणाऱ्याला शिवणयंत्र देता, मग गाळूनच बघायची का?” त्याचा राग खोटा नाही आणि तो झटकून टाकून कुठलीही योजना गावात टिकणार नाही. माझं उत्तर असं की मदत गुन्ह्याच्या नावाने द्यायचीच नाही. ती वस्तीच्या नावाने द्यायची. ज्या वस्तीत काम नाही, रस्ता नाही, शाळा लांब आहे, तिथल्या सगळ्यांना ती मिळावी. ज्यांनी कधी भट्टीला हात लावला नाही त्या शेजाऱ्यांना आधी. भट्टी सोडणाऱ्याला अट एकच, पुन्हा सापडला तर सवलत बंद. शिवाय त्या शेतकऱ्याच्या शेतावर येणारा गडी संध्याकाळी पगार घेऊन कुठे जातो, त्याच्या बायकोच्या हातात काय पडतं, हेही त्या दारूशीच बांधलेलं आहे. भट्टी बंद झाली तर पहिला फायदा त्याच्याच गावातल्या बायकांना होतो.

केवळ बंदीने काम होत नाही याचा दाखला लांब शोधायला नको. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. उठवताना अवैध दारूचंच कारण पुढे आलं. बंदीची मागणी करणाऱ्या बायकांचं दुःख खरं होतं, आजही आहे. पण बंदीच्या पाठोपाठ रोजगार आणि व्यसनमुक्तीची तेवढीच मोठी तयारी तिथे झाली नाही, असं मला वाटतं.

उलट बाजूला नगरकडची दोन गावं बघा. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५ मध्ये परत आले तेव्हा ते गाव दारूच्या भट्ट्यांनी भरलेलं होतं. हिवरे बाजारची कथा तशीच. पोपटराव पवार सरपंच होण्याआधी तिथली भांडणं आणि दारू पंचक्रोशीत प्रसिद्ध होती, गाव सोडून जाणाऱ्यांची रांग होती. दोन्हीकडे दारू थांबली, हे सगळ्यांना माहीत आहे. राळेगणमध्ये दारुड्यांना खांबाला बांधून मारलं गेलं, हेही लोक सांगतात आणि त्याचं कौतुक करतात. मला ते कौतुक पटत नाही. खांब पुष्कळ गावांत आहेत. राळेगणमध्ये त्याच सुमारास नालाबांध झाले, पाझर तलाव धरू लागले, विहिरींना पाणी आलं, वर्षाला एकाऐवजी दोन पिकं निघायला लागली. हिवरे बाजारात जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाचं पाणी गावाने अडवलं, सिंचनासाठी बोअर घ्यायचा नाही असं ठरवलं, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला. दूध वाढलं, गेलेली माणसं परत आली. ज्याला सकाळी डेअरीवर दूध घालायचं आहे तो रात्री भट्टीवर बसत नाही. रोजगार हमीची कल्पना याच राज्यात वि. स. पागे यांनी मांडली आणि १९७२ च्या दुष्काळाने तिला बळ दिलं. गावातल्या हाताला गावातच काम मिळावं हा विचार आपल्याला बाहेरून आणायचा नाही.

हातभट्टीबद्दल इतकं लिहिलं कारण ते मी जवळून पाहिलं. पण गावातली चोरी आणि गावातली भीती हा याहून नाजूक विषय आहे. शेतातली मोटार जाते, केबल तोडून त्यातलं तांबं विकलं जातं, डाळिंबाचा तोडणीला आलेला बाग रात्रीत मोकळा होतो, दावणीची शेळी जाते. शेतकऱ्याचं वर्षाचं नुकसान एका रात्रीत होतं आणि विमा त्याला शिवतही नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते माळावरच्या पारधी वस्तीचं. कधी ते खरं असतं, पुष्कळदा नसतं. पण चौकशी तिथूनच सुरू होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या या जाती ३१ ऑगस्ट १९५२ ला मुक्त झाल्या. सोलापूर शहरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती आणि त्या भागाला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमांतून विमुक्त जातींवरचा हा शिक्का काढायला सांगितला. कायद्याच्या पुस्तकातून तो जातो आहे, गावाच्या मनातून अजून गेलेला नाही.

या शिक्क्याचा थेट परिणाम रोजगारावर होतो. माझा एक पारधी विद्यार्थी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला. तालुक्याच्या गावी दुकानात कामाला लागला, मेहनती होता, मालक खूश. मग शेजारच्या आळीत चोरी झाली. कोणी त्याला काही म्हटलं नाही, फक्त उद्यापासून येऊ नको असं सांगितलं. ज्याला सरळ काम करूनही संशयच पदरात घ्यावा लागतो, त्याला सरळ राहा म्हणून सांगणारे आम्ही शिक्षक किती दुबळे असतो हे त्या दिवशी कळलं. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारधी मुलांसाठी शाळा उभी केली. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला पुढे नोकरी कोण देणार, ही जबाबदारी मात्र एखाद्या संस्थेची नाही. ती जिल्ह्याची आहे. एमआयडीसीतल्या कारखानदारांना आपण बोलावता तेव्हा हा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवा, एवढीच विनंती.

भीती गावाकडूनही गुन्हा घडवते. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. भिक्षा मागत फिरणं हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय. मोबाईलवर फिरलेल्या अफवेने त्यांचा जीव घेतला, पण त्यांना इतक्या लांब हिंडत ठेवलं ते भूमिहीनतेने. भटक्यांना जागा आणि घर देणारी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना २०११ पासून कागदावर आहे. जिल्ह्यात तिच्यातली किती घरं उभी राहिली याचा आढावा आपण घ्यावा. आणि गावांसाठी ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे, एका फोनवर सगळ्या गावाला आवाजाचा निरोप जातो. तिचा उपयोग चोर आला हे सांगायला जितका आहे, तितकाच अफवा खोटी आहे हे पोलीस पाटलाच्या आवाजात सांगायलाही व्हायला हवा. २०२४ च्या पावसाळ्यात ड्रोन फिरतात म्हणून पुणे, बीड, नगरकडच्या गावांनी रात्री जागून काढल्या. अशा रात्री अनोळखी माणूस गावात आला तर काय होईल, याची मला धास्ती वाटते.

बांधाच्या भांडणाचा मुद्दा थोडक्यात. गावातल्या हाणामाऱ्या आणि खुनांच्या मुळाशी बांध, शेतरस्ता, विहिरीतली पाळी आणि वाटणी असते, हे कुठल्याही ठाणेदाराला विचारा. आर. आर. आबांनी गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली तेव्हा गावांनी ती डोक्यावर घेतली होती. तिच्यात दोष होते. आकडा वाढवायच्या नादात मार खाल्लेल्या बायकांना सामोपचाराने नांदायला धाडलेलं मी पाहिलं आहे, आणि ते पुन्हा व्हायला नको. पण गावाने आपलं भांडण आपल्या पारावर सोडवावं हा तिचा गाभा चांगला होता. आज त्या समित्या बहुतेक ठिकाणी फलकापुरत्या उरल्या आहेत. त्यांना हातात काहीतरी हवं. मोजणीची तारीख मिळायला महिनोन्महिने लागतात आणि तोवर दोन भावांत काठ्या निघतात. ताबा एकाचा आणि सातबारा दुसऱ्याचा अशी जमीन अदलाबदल करून देणारी सलोखा योजना २०२३ पासून आहे, तिच्यात हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी एवढाच खर्च येतो. आमच्या भागात दहा माणसांना विचारलं तर नऊ जणांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं. तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाला तलाठ्याबरोबर बसवून वर्षभरात गावातली अशी सगळी प्रकरणं निकाली काढायला सांगितलं, आणि भूमी अभिलेखकडे भूमापकांची जादा नेमणूक केली, तर ठाण्यातले किती गुन्हे घडण्याआधीच मिटतील याचा अंदाज आपल्याला पोलीस अधीक्षकच देतील.

एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी. विकास आला की गुन्हा आपोआप जातो असं मी म्हणत नाही. बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे आणि खटला न्यायालयात आहे, त्यामुळे त्यावर अधिक बोलणं योग्य नाही. पण एवढं दिसतं की गावात मोठा पैसा आला आणि तो कोणाच्या हातून वाटला जातो यावर गावाचा अधिकार नसला, तर त्या पैशाभोवतीच टोळ्या उभ्या राहतात. भीमा आणि सीनेच्या काठावर वाळूने हेच केलं. कॉलेज सोडलेली पोरं रात्री नाक्यावर उभं राहून महसूलची गाडी आली का बघतात आणि त्याचे पैसे मिळवतात. आता जिल्ह्यात सौर प्रकल्प येताहेत, महामार्ग झाले, आणखी होतील. मुरूम कोण टाकणार, पहारेकरी कोण नेमणार, गाड्या कोणाच्या लागणार, हे ठरवताना ग्रामसभेसमोर कंत्राटांची यादी वाचून दाखवायची सक्ती करा. स्थानिक मुलांच्या कामाचा वाटा करारात लिहून घ्या. सरपंच एकटा पडणार नाही याची काळजी आधी घ्या, श्रद्धांजली नंतर वाहण्यापेक्षा.

तर बैठकीत घ्यायचा विषय असा. पोलीस अधीक्षकांकडे वारंवार गुन्हे घडणाऱ्या गावांची आणि वस्त्यांची यादी असते. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे विकासकामांची यादी असते. या दोन याद्या एका टेबलावर शेजारी शेजारी कधीच ठेवल्या जात नाहीत. त्या ठेवा. पहिल्या यादीतली जी नावं दुसऱ्या यादीत नाहीत, तिथे या वर्षीचा निधी आधी जाऊ द्या. जिल्हा वार्षिक योजनेत छाप्यानंतरच्या पुनर्वसनासाठी वेगळं लेखाशीर्ष मागून घ्या, म्हणजे अधिकारी बदलला तरी पैसा बदलणार नाही. छापा पडला की पंधरा दिवसांच्या आत त्या वस्तीत तहसीलदार, समाजकल्याण, महामंडळ, बँक आणि ‘उमेद’ अभियानाची माणसं एकत्र जातील असा शिरस्ता पाडा, दाखला, रेशनकार्ड, जॉबकार्ड, बचतगट, सगळं तिथेच. बँकेला जामीन हवा असेल तर तो जिल्ह्याने भरावा. आणि कामाचं मोजमाप किती लिटर रसायन ओतलं यावर थांबू नये. किती कुटुंबं दोन वर्षांनंतरही भट्टीपासून लांब आहेत हा आकडा दरवर्षी समितीसमोर यावा.

याला पैसा किती लागेल, अशी विचारणा होईल. एका पोलीस ठाण्याचा छाप्यांवर, कोर्टाच्या तारखांवर, बंदोबस्तावर वर्षाला होणारा खर्च अधीक्षकांकडून काढून घ्या आणि त्याच्या शेजारी एका तांड्याच्या पुनर्वसनाचा खर्च मांडा. मला खात्री आहे की आकडे पाहून समितीतल्या कोणाचाही विरोध राहणार नाही.

घाई एका गोष्टीची आहे. राज्यात सगळ्यांत जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे कोयते बाहेर पडतात, मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पोरांसकट ट्रॅक्टरवर चढतात. शाळेच्या हजेरीपटावर ओळीने गैरहजरीच्या खुणा पडतात आणि मार्चनंतर परतलेली मोठी मुलं पुन्हा वर्गात बसायला लाजतात. मला जी मुलं पुढे वाईट वाटेला गेलेली माहीत आहेत, त्यांतली बहुतेक अशा एखाद्या हंगामानंतर शाळेतून गळाली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. अशा वसतिगृहाचा उपयोग व्हायचा असेल तर टोळ्या निघण्याच्या आधी तांड्यावर जाऊन मुलांची नावं घ्यावी लागतील. नोव्हेंबरात गेलेला अधिकारी कुलूप लावलेली घरं बघून परत येईल. म्हणून ही बैठक सप्टेंबरच्या आत व्हावी.

शेवटची विनंती बैठकीला कोण बसणार याबद्दल आहे. समितीला विशेष निमंत्रित बोलावता येतात. मुळेगाव तांड्यातल्या, भट्टी सोडून मशीनवर बसलेल्या दोन-तीन बायकांना, एका पारधी वस्तीतल्या माणसाला आणि एका तंटामुक्ती अध्यक्षाला त्या दिवशी बोलवा. त्यांना प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर न बसवता विषयपत्रिकेत पहिली पंधरा मिनिटं द्या. अधिकाऱ्यांची सादरीकरणं त्यानंतर होऊ द्यात. काय केल्यावर भट्टी सुटली आणि कशामुळे ती पुन्हा पेटण्याची भीती वाटते, हे त्या आपल्याला माझ्यापेक्षा नेमकं सांगतील. यायला-जायला गाडीची सोय तेवढी करावी, त्या दिवसाची मजुरी बुडते.

आपला,
दक्षिण सोलापूर तालुक्यातील एक निवृत्त आश्रमशाळा शिक्षक